दोघांचाच खेळ

९ जानेवारी

बाबा आज चहाला 'पूल' म्हणाले. मी चहा दिला. प्यायले. म्हणजे चहाच हवा होता.

सकाळी चष्म्याला 'बूट' म्हणत होते. मला आधी कळलं नाही. मी खरोखरच बूट आणून समोर ठेवले, तर इतके चिडले की पायानेच ते पलंगाखाली लोटले. मग मीही चिडले. चष्मा उशीखाली होता.

झटक्यानंतर पाय सावरला, काठी घेऊन चालतात. उजवा हात तेवढा मांडीवर पडून असतो. पण शब्द गेले. गेले म्हणजे विस्कटले — आहेत सगळे आत, पण हवा तो हाताला लागत नाही. दिवसभर त्यांच्यापाशी कामाच्या मावशी असतात. मावशींना ते 'साहेब' म्हणतात. मावशी खूश आहेत.

संध्याकाळी मी कवळ्यांच्या लॅबमधून आले की आम्ही दोघंच. टीव्हीचा त्यांना त्रास होतो. मी काही सांगायला गेले की नुसते बघत राहतात. लग्न मोडून या घरात परत आले तेव्हासुद्धा इथे इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान बाबा बोलायचे.

बोलायला शिकवणारी बाई आज येऊन गेली. मी मनात तिला बोलकी बाई म्हणते. ती म्हणाली, "चित्रांची कार्डं बघून कंटाळलेत ते. ताई, त्यांना पूर्वी काय आवडायचं? बोलावं लागत नाही असं काहीतरी शोधा."

काय आवडायचं? पूल आवडायचे. जन्मभर पुलांचे नकाशे काढले. आणि तो खेळ — दादाबरोबरचा.

११ जानेवारी

खेळ सापडला. माळ्यावर, जुन्या पंख्याच्या मागे. खोक्याचे कोपरे बाबांनी पूर्वी कधीतरी कापडी पट्टी लावून जोडलेत, ती अजून धरून आहे.

पट उघडून जमिनीवर पसरला. काळा कागद, त्यावर पांढऱ्या रेषांची षटकोनी घरं, मधमाशांच्या पोळ्यात असतात तशी. मूळचा पट फाटला तेव्हा बाबांनी ऑफिसातल्या शाईने हा नवा आखला होता. एक रेघ वाकडी असेल तर शपथ! मध्यभागी ग्रह. एका बाजूला तांबडा ताफा, एका बाजूला निळा. अवकाशयानं पत्र्याची, तीही त्यांनीच कापलेली.

या खेळात यान थांबत नाही. अवकाशात ब्रेक कुठला? मागच्या खेपेला चार घरं गेलं असेल तर याही खेपेला त्याच दिशेला चार घरं जाणार. इंधन जाळलं तरच वेग बदलतो, नाहीतर दिशा. आणि दोघांनी आपापली चाल चिठ्ठीवर लिहायची, लपवून, मग एकदम उघडायच्या. त्यामुळे समोरचा आत्ता कुठे आहे हे बघून काही उपयोग नाही. तो पुढे कुठे असेल ते ओळखायचं. मग फासे, मग फटके — आधी कवच जातं, मग तोफा, मग इंजिन.

हे सगळं मला पाठ आहे आणि मी हा खेळ एकदाही खेळलेले नाही.

दर रविवारी दुपारी बाबा आणि दादा. मी पटाच्या कडेला पालथी पडून. मध्येच विचारायचे, मला कधी? आई आतून म्हणायची, "दोघांचाच खेळ आहे तो. तू इकडे ये, मला मदत कर." माझ्याकडे एकच काम होतं. फुटलेली यानं उचलून डबीत टाकायची. ते पत्र्याचे गोल तुकडे म्हणजे टिकल्याच. म्हणून मी टिकली. आणि दादा कप्तान. बाबांनीच ठेवलेली नावं. "कप्तान, चला, वाट बघतोय ताफा!" असं ओरडायचे जिन्यातून, आणि दादा खाली असेल तिथून धावत यायचा.

दादा आता दुसऱ्या देशात असतो. कप्तान म्हणायचं कुणाला.

१३ जानेवारी

खेळलो.

मी पट टेबलावर मांडला आणि बाबांना नुसतं त्या खुर्चीशी नेलं. काही सांगितलं नाही. त्यांनी पटावरून डावा हात फिरवला, हळूहळू, रेघांवरून. मग निळा ताफा स्वतःकडे ओढला. त्यांचा निळाच असायचा.

मला भीती चिठ्ठीची होती. अक्षर तर काढता येत नाही, स्वतःचं नावसुद्धा नाही. मी पेन्सिल डाव्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खांदा वळवून चिठ्ठी आड केली — मी बघू नये म्हणून! — आणि काहीतरी काढलं. उघडलं तर बाण. प्रत्येक यानाला एक बाण, बाणावर रेघा, जितकी घरं तितक्या. अक्षरं गेली, बाण राहिले.

मी हरले. वाईट हरले. इतकी वर्षं बघितलेलं खेळताना काही कामाला येत नाही. माझं सगळ्यात मोठं यान वेग आवरता न आल्याने सरळ पटाबाहेर निघून गेलं. बाबा हसले, तोंडाच्या अर्ध्या बाजूने. फुटलेली यानं मी सवयीने डबीत टाकली.

मग ते माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाले, "कप्तान."

१४ जानेवारी

मला म्हणाले. माझ्याकडे बघून.

२० जानेवारी

आठवडाभर रोज संध्याकाळी एक डाव. मी जिन्यात असतानाच आतून आवाज येतो, "कप्तान, चल." काठी जमिनीवर आपटतात. मी चप्पलसुद्धा काढलेली नसते.

हे दोन शब्द एकदाही चुकत नाहीत. पाण्याला खिडकी, औषधाला कागद, पण 'कप्तान, चल' बिनचूक.

लॅबमध्ये माझं लक्ष उडतंय. कवळीचे समोरचे दात मेणात बसवताना मनात तांबडा ताफा ग्रहाला वळसा घालत होता. मालकांनी साचा उचलून उजेडात धरला. म्हणाले, "काय हो बाई, या आजींनी हसायचं की भांडायचं?" दोन दात चक्क तिरपे बसवले होते. पुन्हा केलं सगळं.

दुपारच्या डब्याला सगळ्या जणी आपापल्या घरातलं सांगतात. मी काय सांगू? बाबा माझ्याशी खेळतात म्हणून? ते माझ्याशी खेळतात की नाही हेच मला माहीत नाही.

२७ जानेवारी

मावशी निघताना सांगत होत्या, "ताई, पाच वाजले की ते दाराकडेच बघत बसतात. कुणी जिना चढलं की मान वर. माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत मग."

त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मी हो म्हटलं.

कुणाची वाट बघतात ते मला माहीत आहे. दप्तर टाकून धावत येणाऱ्या एका मुलाची. आणि दारात उभी राहते ती मी, मेणाचा वास येणारी, पायाला सूज आलेली.

३ फेब्रुवारी

दादाचा फोन. मी सांगायला नको होतं. पण सांगितलं, कारण दुसरं कुणी नाही ज्याला 'कप्तान' म्हणजे काय ते कळेल.

तो रडवेला झाला. "अगं, म्हणजे त्यांना मी दिसतो. तुझ्यात मला बघतात ते."

"हो," म्हटलं.

"माझी आठवण काढतायत गं. आणि मी इथे बसलोय."

मी त्याची समजूत काढली. मीच! म्हटलं, तुझाही संसार आहे, नोकरी आहे, तू तरी काय करणार. फोन ठेवल्यावर भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

१० फेब्रुवारी

आज फार वाईट झालं.

बाबा थकलेले दिसत होते. बोलक्या बाईने सकाळी बराच वेळ घेतला होता. त्यांचं एक यान माझ्या तोफांच्या अगदी समोर आलं. सरळ सरळ चूक. मला वाटलं, जाऊ दे. मी नेम दुसरीकडे धरला. पुढच्या खेपेलाही मुद्दाम उलट्या दिशेला गेले. ते जिंकत चालले.

एकदम थांबले. माझ्या दोन्ही चिठ्ठ्या ओढून घेतल्या, शेजारी शेजारी ठेवल्या, बघितल्या. मग डाव्या हाताने सगळा पट झाडून टाकला. यानं खोलीभर. एक कपाटाखाली गेलं, ते अजून सापडलेलं नाही.

"साबण," म्हणाले. "साबण. साबण." इतक्या रागाने की ओठ थरथरत होते.

मी म्हटलं, "चुकलं बाबा. पुन्हा नाही."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. जेवलेही नाहीत. मला त्यांच्या पाठीशी बसून राहावंसं वाटलं, पण बसले नाही. त्यांना कप्तान हवा होता आणि मी त्यांच्या कप्तानाला दुबळं केलं होतं.

११ फेब्रुवारी

कपाट सरकवलं. यान सापडलं. बाबा बघत होते. यान हातात दिलं तर त्यांनी घेतलं आणि पटावर त्याच्या घरात ठेवलं. पण 'चल' म्हणाले नाहीत.

१२ फेब्रुवारी

"कप्तान, चल."

सुटले!

१७ फेब्रुवारी

जिंकले! पहिल्यांदा, आणि खरंखुरं.

काल रात्रीपासून डोक्यात घोळत होतं. ग्रहाजवळून गेलं की ग्रह यानाला आपल्याकडे एक घर ओढतो. बाबा आणि दादा दोघंही त्याला टाळून जायचे. मला वाटलं, टाळायचं कशाला? ओढू दे की. इंधन न जाळता वळायला मिळतं. मी तीन यानं मुद्दाम ग्रहाच्या अंगावर घातली. बाबांनी भुवया वर केल्या. त्यांना वाटलं आपटणार. पण ती ग्रहाला घासून वळली आणि निळ्या ताफ्याच्या मागे निघाली. मागच्या बाजूला तोफा नसतात.

ही चाल या घरात कुणी खेळलेली नाही. दादा तर नाहीच. तो समोरून धडक मारायचा.

बाबांनी शेवटची चिठ्ठी उघडली, पट बघितला आणि हसले. आवाज करून हसले. झटक्यानंतर त्यांच्या हसण्याचा आवाज मी ऐकलाच नव्हता. हात पुढे करून माझा हात धरला, दाबला.

"कप्तान," म्हणाले. "कप्तान."

मग मला राहवलं नाही. त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले. म्हटलं, "बाबा, मी टिकली आहे. टिकली. ही चाल मी केली."

त्यांनी मान हलवली. "हो हो. कप्तान."

"कप्तान तिकडे आहे बाबा. लांब. मी टिकली."

"हो हो." आणि माझ्या डोक्यावर थोपटलं.

उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. शेहेचाळीस वर्षांची बाई, भावाच्या नावाने जिंकलेल्या डावासाठी रडते. कुणी बघितलं असतं तर हसलं असतं.

२४ फेब्रुवारी

दादाचा फोन. ठरवून टाकलंय त्याने. तो येणार आणि बाबांना घेऊन जाणार. त्याच्या घराजवळ चांगलं केंद्र आहे, दिवसभर व्यायाम, बोलण्याचे वर्ग, वहिनीचीही तयारी आहे.

"तूही मोकळी होशील गं," म्हणाला.

"मोकळी म्हणजे काय रे?"

"म्हणजे... तुझं तुला काही करता येईल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, "हे बघ, रोज संध्याकाळी ते माझ्या नावाने हाक मारतात. तूच सांगितलंस. मला इथे झोप लागत नाही. त्यांना मी हवाय. मग त्यांना माझ्याकडेच आणायला नको का?"

मला हवेत म्हणून ठेवून घेऊ? त्यांना कोण हवं ते तर ते रोज काठी आपटून सांगतात.

"ये," म्हटलं. "कधी येतोस?"

२६ फेब्रुवारी

बोलक्या बाईला विचारलं. मनात होतं की ती म्हणेल, नको, जागा बदलली तर त्यांना त्रास होईल. ती तसं म्हणाली नाही. "सुरुवातीला बिथरतील," म्हणाली, "पण तिथल्या सोयी खरंच चांगल्या असतात. मी अडवणार नाही, ताई." प्रामाणिक बाई आहे. राग आला तिचा.

बाबांना मीच सांगितलं. दादा येतोय, त्याच्याकडे जायचंय. नकाशावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी नकाशा नीट बघितला, अंतर बोटाने मोजलं आणि घडी करून बाजूला ठेवला. किती समजलं ते कळत नाही.

मग "कप्तान, चल."

२ मार्च

बाबांचे कपडे काढले. स्वेटर दोन ठिकाणी उसवलाय, तो शिवला. नखं कापली. औषधं वेगळी बांधली. मावशींना सांगितलं, त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "साहेब म्हणणारं कुणी राहणार नाही मला आता."

खेळाचं खोकं त्यांच्या बॅगेतच ठेवायचं, आणखी कुठे? दोघांचा खेळ आहे.

दुपारी ते झोपले होते तेव्हा मी पट मांडून एकटी खेळून बघितलं. दोन्ही बाजू मीच. तांबड्याची चिठ्ठी लिहिली, उलटी ठेवली. निळ्याची लिहिली, उलटी ठेवली. मग उघडल्या. पण मला माहीतच होतं ना आत काय आहे ते. दुसऱ्या खेपेला पुढे गेलेच नाही.

बाबा नसताना घर कसं असेल ते मला तेवढ्यावरून समजलं.

८ मार्च

दादा उद्या सकाळी पोचतो. त्याच्यासाठी आतली खोली झाडली, चादरी बदलल्या. लॅबमधून दोन दिवसांची रजा घेतली. मालक म्हणाले, "घ्या, चार घ्या," आणि कधी नव्हे ते कारण विचारलं नाही.

शेवटचा डाव खेळलो. मी हरले. हरवायला नको म्हणून हरले असं अजिबात नाही, नेमच लागेना. फासे टाकताना हात हलत होता. बाबांनी मध्येच माझ्या मनगटावर हात ठेवला, हात थांबेपर्यंत धरून राहिले. मग मान हलवली — टाक आता.

उद्या तो समोर बसला की त्यांना खरा कप्तान दिसेल. मग मी कोण, हे त्यांना कळेल की मी दिसायचीच बंद होईन? मी पटाच्या कडेला तरी बसू का?

दादावर राग नाही. खरंच नाही. फक्त तो दारातून आत येईल तेव्हा बाबांचा चेहरा मला बघायला नको. चहाच्या निमित्ताने आत राहीन.

९ मार्च

दादा आला. मी आत राहणार होते, पण चहा घेऊन बाहेर यावंच लागलं. बाबांनी त्याला डोळे भरून बघितलं, जवळ ओढलं, आणि त्याच्या हनुवटीखाली लहानपणी जिन्यावरून पडल्याची खूण आहे ती बोटाने बरोबर शोधून काढली. दादा रडायलाच लागला. म्हणाला, "बाबा, ओळखलंत ना? कोण आलंय?"

"टिकली," बाबा म्हणाले. "टिकली आली."

आणि पुन्हा ती खूण चाचपली.

दादाने माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू विचारलं, "आणि ही?"

बाबांना काय विचारतोय तेच कळेना. "कप्तान," म्हणाले, आणि पटासमोरची खुर्ची काठीने माझ्याकडे सरकवली. दादा तिच्यात बसायला निघाला होता. तो बाजूला झाला.

उलटली होती ती फक्त नावं. इतके दिवस माझीच वाट बघत होते.

दादा शुक्रवारी परत जातोय. एकटाच.